समुद्राला कुंपण

नगरसारख्या गावी, जेथे पावसाची वाट पाहण्यात वर्षाचे चार महिने जातात आणि खाऱ्या पाण्यापेक्षा प्यायच्या पाण्याची चिंता मोठी असते, तेथे व्याख्यानासाठी समुद्राचा विषय घ्यावा हे काही श्रोत्यांना विचित्र वाटण्याचा संभव आहे. परंतु नगरला एके काळी स्वतःचा समुद्र होता, ही गोष्ट आपण विसरलो आहोत. मलिक अहमदाने १४९० मध्ये बहामनी फौजेचा पराभव करून आपली स्वतंत्र गादी स्थापली आणि १४९४ च्या सुमारास सीनेकाठी या शहराचा पाया घातला, तेव्हा त्याच्या राज्याची हद्द सह्याद्रीपाशी थांबत नव्हती. ती घाट उतरून थेट चौलच्या बंदरात जात होती. अरबस्तानातले घोडे चौलला उतरत, देशावरचे कापड चौलहून बाहेर जाई आणि त्या जकातीचा पैसा घाट चढून या शहरात येई. आज आपण ज्या भुईकोट किल्ल्याकडे पाहतो त्याच्यामागे माळावरच्या ज्वारीबाजरीइतकेच समुद्राचेही उत्पन्न होते.

आणि याच समुद्राला नगरच्या राजांच्या डोळ्यांदेखत पहिले कुंपण पडले. १५०८ साली चौलच्या पाण्यात पोर्तुगीजांची इजिप्तच्या आणि गुजरातच्या आरमाराशी लढाई झाली. त्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेडा मारला गेला. पण त्या पराभवाने पोर्तुगीज परत गेले नाहीत. १५२१ मध्ये बुऱ्हाण निजामशहाच्या परवानगीने त्यांनी चौलनजीक रेवदंड्याला आपला कोट बांधावयास घेतला. त्यांचे म्हणणे असे, की या समुद्राचे धनी आम्ही. ज्याला गलबत हाकायचे असेल त्याने आमचा परवाना घ्यावा. या परवान्याला ते कार्ताझ म्हणत. तो जवळ नसला तर माल जप्त आणि गलबतही जप्त. ज्याच्या किनाऱ्यावर हे चालले होते त्या निजामशहाला जमिनीवर मान होता. पाण्यावर मात्र त्याचे काही चालत नव्हते. मुर्तझा निजामशहाने १५७०-७१ मध्ये मोठी फौज नेऊन चौलला कित्येक महिने वेढा घातला आणि शेवटी तह करून तो परतला. पुढे दीडशे वर्षांनी कान्होजी आंग्र्यांनी हाच न्याय परदेश्यांवर उलटा फिरवला आणि आपले दस्तक घेतल्याशिवाय कोकणच्या पाण्यातून जाऊ देणार नाही असे इंग्रजांना बजावले. इंग्रजांनी त्यांना चाचे म्हटले, हा इंग्रजांच्या सोयीचा भाग झाला.

ही जुनी हकीकत आम्ही सांगत आहोत ती अशासाठी, की समुद्र बंद करण्याची कल्पना मुळीच नवी नाही. नवा आहे तो हेतू. कार्ताझ असो की दस्तक असो, येणाऱ्याजाणाऱ्याकडून काही वसूल करावे एवढाच त्या कुंपणाचा अर्थ होता. पाण्याच्या पोटात जे जीव राहतात त्यांना थोडी उसंत मिळावी म्हणून पाण्याचा एखादा तुकडा बंद करावा, तेथे जाळे पडू नये, नांगर पडू नये, हा विचार फार अलीकडचा आहे. तो इतका उशिरा का सुचला, याचेही उत्तर इतिहासात सापडते.

पोर्तुगीजांच्या या मिरासदारीविरुद्ध ह्यूगो ग्रोशियस नावाच्या डच कायदेपंडिताने १६०९ मध्ये ‘मुक्त समुद्र’ हा आपला प्रसिद्ध निबंध लिहिला. समुद्र कोणाच्याही मालकीचा होऊ शकत नाही, असा त्याचा सिद्धान्त. त्यासाठी त्याने जी कारणे दिली त्यांत एक असे होते, की रानातली जनावरे शिकारीने संपतील, नदीतले मासे संपतील, पण समुद्रातले संपणार नाहीत; मग त्यावर मालकी कशाला हवी? इंग्लंडच्या जॉन सेल्डनने १६३५ मध्ये ‘बंद समुद्र’ लिहून त्याला उत्तर दिले. तथापि जगाने पुढे मानला तो बव्हंशी ग्रोशियस. किनाऱ्यालगतचे तीन मैल पाणी त्या त्या राज्याचे आणि पलीकडचे सर्वांचे, असा व्यवहार रूढ झाला आणि मासे अक्षय आहेत ही समजूत त्या व्यवहाराच्या पोटात तशीच राहून गेली. १८८३ साली लंडनच्या मत्स्यप्रदर्शनात टॉमस हक्सलेसारख्या, डार्विनचा कैवार घेणाऱ्या नामांकित शास्त्रज्ञाने तीच समजूत बोलून दाखविली. कॉडसारखे मोठे मत्स्यसाठे संपणारे नाहीत, आपण काढतो तो त्यांतला नगण्य अंश होय, असे त्याचे मत पडले. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्याबाहेर कॉड मासा इतका उरला नाही, की १९९२ मध्ये कॅनडा सरकारला त्याची मासेमारीच बंद करावी लागली. हजारो कुटुंबे एका दिवसात बेकार झाली. हक्सलेच्या भाषणाला तेव्हा जेमतेम एकशेनऊ वर्षे झाली होती.

आपल्याकडे सरकारने पाण्यातल्या जिवांकडे प्रथम पाहिले ते १८९७ च्या मत्स्य अधिनियमाने. सुरुंगाची दारू फोडून आणि विष कालवून मासे मारण्यास त्या कायद्याने बंदी केली आणि ती बंदी किनाऱ्यापासून एक सागरी लीग, म्हणजे सुमारे तीन सागरी मैल, इतकी समुद्रातही लागू केली. कायदा लहान होता, पण शहाणा होता. मारण्याची एक रीत त्याने निषिद्ध ठरविली. मारणाऱ्याला हुसकले नाही. ही गोष्ट श्रोत्यांनी ध्यानात ठेवावी.

आता कोकणात जाऊ. मालवणच्या किनाऱ्यावर रापण नावाची मासेमारीची जुनी रीत आहे. लांबच लांब जाळे होडीतून नेऊन अर्धवर्तुळाकार टाकतात आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून पाचपन्नास माणसे ओढतात. जाळे एकाचे नसते, होडी एकाची नसते, आणि मासळीचे वाटे पडतात. घाटावरच्या माणसाला यात चटकन समजण्यासारखे काय असेल तर ते बलुत्याशी आणि इर्जिकीशी असलेले साम्य. या रीतीत किनाऱ्याला मासा आला तरच तो मिळतो. त्याच्या मागे धावून जाता येत नाही. तिचा दोष म्हणा की गुण म्हणा, तो हाच.

स्वातंत्र्यानंतर मासळीचे उत्पादन वाढवावे, परकीय चलन मिळवावे, या धोरणाने यांत्रिक नौका आल्या. त्यांत तळ खरवडत जाणारे ट्रॉलर आले. कोळंबीला परदेशात भाव आला तसे ते किनाऱ्याच्या अधिकाधिक जवळ येऊ लागले. रापणीचे जाळे ज्या पाण्यात पडायचे त्याच पाण्यात, आणि रापणकराला मासा दिसण्यापूर्वी, ट्रॉलर फिरून गेलेला असे. गोव्याच्या रापणकारांनी याविरुद्ध मोठे आंदोलन उभारले आणि १९८० मध्ये गोव्यात सागरी मासेमारी नियमनाचा कायदा झाला. महाराष्ट्राचा कायदा १९८१ चा. ठरावीक वाव खोलीच्या आत यांत्रिक नौकेने येऊ नये, ते पाणी लहान मच्छीमाराचे, असे त्याचे सार. म्हणजे किनाऱ्यालगतच्या पाण्याला कुंपण घाला, अशी मागणी प्रथम केली ती पाण्यावर पोट भरणाऱ्यांनीच. कायदा झाला, पण पाण्यावर रेघ दिसत नाही, गस्तीच्या नौका थोड्या, आणि दंडाची रक्कम अशी, की एका चांगल्या फेरीच्या मिळकतीपुढे तिचे काही वाटू नये. पुढे ट्रॉलरच्या जोडीला संपूर्ण थवाच वेढून उचलणारी पर्ससीन जाळी आली, आणि रात्री प्रखर दिवे पेटवून मासळी गोळा करण्याची विद्याही आली. सोमवंशी समितीच्या अहवालानंतर ५ फेब्रुवारी २०१६ च्या आदेशाने राज्याने पर्ससीनवर निर्बंध घातले, २०१७ मध्ये केंद्राने दिव्यांच्या मासेमारीस मनाई केली, आणि २०२१ मध्ये जुन्या कायद्यात दुरुस्ती होऊन दंड लाखांच्या घरात नेण्यात आले. चाळीस वर्षे मच्छीमार एक बंदी मागत राहिले आणि ती त्यांना हप्त्याहप्त्याने मिळाली.

न मागितलेली बंदी मात्र एका दिवसात आली. १३ एप्रिल १९८७ रोजी, १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली, मालवणचे सागरी अभयारण्य जाहीर झाले. क्षेत्र २९.१२ चौरस किलोमीटर. त्यांपैकी ३.१८ चौरस किलोमीटर हे गाभाक्षेत्र, म्हणजे कडक संरक्षणाचे, आणि उरलेले त्याच्या भोवतीचे. हे स्थळ निवडण्यात चूक नव्हती, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. सिंधुदुर्ग आणि पद्मगड यांच्या भोवतीच्या खडकांवर प्रवाळ आहेत, समुद्रशैवालाची राने आहेत, शेवंड, तांबोशी, गोबरा अशी खडपात राहणारी मासळी आहे. गुजरातेत कच्छच्या आखातात १९८० मध्ये सागरी अभयारण्य आणि १९८२ मध्ये देशातले पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान झाले होते. महाराष्ट्रानेही मागे राहू नये, हे योग्यच.

पाण्याचा तुकडा बंद केल्याने काय साधते, हेही थोडक्यात पाहू. मासा वयाने आणि आकाराने वाढतो तशी त्याची अंडी दुपटीने नव्हे, कित्येक पटींनी वाढतात. एक मोठी जुनी मादी अनेक लहान माद्यांचे काम करते. जाळे प्रथम नेते ते मोठ्या माशालाच. बंद तुकड्यात अशा माद्या उरतात, त्यांची पिल्ले प्रवाहाबरोबर बाहेर जातात, आणि आत दाटी झाली की मोठे मासेही हद्दीबाहेर पडून शेजारच्या जाळ्यात येतात. मेक्सिकोतील काबो पुल्मो या गावच्या लोकांनी १९९५ मध्ये आपली मासेमारी थांबवून तेथे उद्यान होऊ दिले. १९९९ ते २००९ या दहा वर्षांत तेथील माशांचे एकूण वजन साडेचारपटींहून अधिक वाढल्याचे शास्त्रज्ञांनी मोजले आहे. मात्र हा लाभ खडकाला धरून राहणाऱ्या मासळीचा. बांगडा आणि तारली यांचे थवे शेकडो मैल फिरतात. त्यांना तीन चौरस किलोमीटरचे अभय म्हणजे वाटेवरची एक धर्मशाळा. रापणीला मुख्यतः हेच मासे लागतात. तेव्हा बंदीची झळ रापणकराला आणि तिचा तात्काळ लाभ मात्र त्याच्या पदरात नाही, असा हा हिशेब होता. तो त्याला कोणी समजावून सांगावयास हवा होता.

मालवणच्या मच्छीमारांनी अभयारण्याला आरंभापासून विरोध केला. वनखात्याचा कायदा म्हणजे उद्या होडी लावायला परवाना, परवा जाळे सुकवायला मनाई, तेरवा घर उठवणे, अशी त्यांची समजूत झाली, आणि देशातल्या जंगलांतील अनुभव पाहता ती अगदी निराधार म्हणता येत नव्हती. वन्यजीव कायदा मुळात जंगलासाठी लिहिलेला. सागरी हद्दीतील पाणी अभयारण्यात घेताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाच्या हिताची पुरेशी तरतूद केली पाहिजे, असे कलम त्या कायद्यात आले ते १९९१ च्या दुरुस्तीने. मालवणची अधिसूचना त्यापूर्वी चार वर्षे निघून गेली होती. प्रथम रेघ आणि मग तरतूद, असा हा क्रम पडला.

शिवाय गाभाक्षेत्र कोठे आले पाहा. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पायाचा दगड २५ नोव्हेंबर १६६४ रोजी कुरटे बेटावर बसला. किल्ल्यात शिवराजेश्वराचे मंदिर आहे, काही कुटुंबांची वस्ती आहे, आणि मालवणच्या धक्क्यावरून प्रवाशांनी भरलेल्या होड्या दिवसभर ये-जा करतात. जेथे काहीही हलू नये असे कागदावर लिहिले तेथेच सर्व कोकणात गजबज मोठी. मच्छीमाराने विचारावे, की माझ्या जाळ्याने प्रवाळ मोडतो आणि प्रवाशाच्या होडीच्या नांगराने मोडत नाही काय, तर त्याला उत्तर देणे कठीण आहे. अलीकडच्या वर्षांत पाण्याखालचे प्रवाळ दाखविण्याचा धंदा तेथे मोठा झाला आहे. नवखे लोक प्रवाळावर उभे राहतात, त्याला पायाने ढुसण्या देतात. प्रवाळ हा दगड नव्हे, जीव आहे, हे त्यांना माहीत नसते.

किल्ल्याच्या निमित्ताने एक जुनी गोष्ट आठवते. रामचंद्रपंत अमात्यांनी अठराव्या शतकाच्या आरंभी लिहिलेल्या आज्ञापत्रात आरमाराच्या प्रकरणी लाकडाचा विचार आला आहे. गलबतांना लाकूड हवेच. पण आंबा, फणस यांसारखी झाडे रयतेने लेकरांसारखी वाढविलेली असतात, त्यांना हात लावू नये, आणि एखादे जीर्ण झाड घेणेच पडले तर धन्याला राजी करून, मोल देऊन घ्यावे, असा त्याचा आशय आहे. आरमार ही राज्याची निकड होती. तरी धन्याचे राजीपण सोडलेले नाही. १९८७ च्या अधिसूचनेमागचा हेतू आरमाराइतकाच मोठा होता, हे आम्ही मान्य करतो. राजीपण तेवढे राहिले.

हे सर्व मालवणचे, आपल्याला काय त्याचे, असे म्हणण्याची सोय नगरकरांना नाही. हाच खेळ आपल्या जिल्ह्यात कोरड्या जमिनीवर होऊन गेला आहे. १९७९ मध्ये माळढोकासाठी सोलापूर आणि नगर या जिल्ह्यांत अभयारण्य जाहीर झाले. आपल्या बाजूचे कर्जत, श्रीगोंदा, नेवासे हे तालुके त्यात आले. क्षेत्र किती? ८,४९६ चौरस किलोमीटर. आपल्या जिल्ह्याचे क्षेत्र सुमारे १७,००० चौरस किलोमीटर आहे, म्हणजे जवळजवळ त्याच्या निम्मे. त्यात गावे होती, बागायत होती, रस्ते होते, बाजारपेठा होत्या. माळढोक उघड्या गवताळ माळावर राहणारा, वर्षाला बहुधा एकच अंडे घालणारा पक्षी. उसाच्या फडात आणि एसटीच्या थांब्यावर त्याचे काय काम? जमिनीच्या खरेदीविक्रीला अडथळे येऊ लागले तेव्हा शेतकऱ्याला माळढोक ठाऊक झाला तो सातबाऱ्यावरून, आणि ठाऊक होताच त्याचा राग आला. शेवटी २०१२ मध्ये क्षेत्र उतरवून सुमारे १,२२२ चौरस किलोमीटर करण्यात आले. तोवर पक्षी जवळजवळ गेले होते. आता नान्नजच्या माळावर एखादा दिसला तरी वर्तमानपत्रात बातमी येते.

आणि त्याच कर्जत तालुक्यात रेहेकुरी आहे. १९८० मध्ये काळविटांसाठी राखलेले हे अभयारण्य अवघे २.१७ चौरस किलोमीटरचे, मालवणच्या गाभाक्षेत्राहूनही लहान. त्याची हद्द सकाळच्या फेरीत पायी पाहून येता येते. तेथे गवत राखले गेले आणि काळविटांचे कळप वाढले. भोवतालच्या शेतकऱ्यांचे गाऱ्हाणे नाही असे नाही. काळवीट पिकात शिरते आणि ज्वारी खाते. पण त्या गाऱ्हाण्याला तोंड आहे आणि हद्द आहे. कोणते जनावर, कोठून आले, कोणाच्या शेतात शिरले, हे सांगता येते. आठ हजार चौरस किलोमीटरच्या अभयारण्याचे गाऱ्हाणे कोणाकडे न्यायचे?

क्षेत्र लहान म्हणून चांगले, असा निष्कर्ष मात्र यातून काढू नये. स्कॉटलंडमध्ये अगदी अलीकडे घडलेली गोष्ट या बाबतीत बोलकी आहे. २०२२ च्या अखेरीस तेथील सरकारने आपल्या समुद्राचा किमान दहावा हिस्सा अत्यंत कडक संरक्षणाखाली आणण्याचा प्रस्ताव मांडला. मासेमारी तर नाहीच, पण जवळजवळ कसलाही उपसा तेथे होऊ नये, असे त्याचे स्वरूप. पश्चिमेकडच्या बेटांवरील मच्छीमार खवळले. आमच्या वाडवडिलांपासून चालत आलेले खेकड्याचे आणि शेवंडाचे पिंजरे उचलायचे आणि राजधानीत बसलेल्या लोकांनी आकडा पुरा करायचा, हा कोणता न्याय, असे ते विचारू लागले. जून २०२३ मध्ये सरकारने प्रस्ताव मागे घेतला. शेजारच्या इंग्लंडने त्याच वर्षी असे तीन टापू जाहीर केले, पण मूळ यादीतले काही स्थानिक विरोधामुळे गाळूनच.

आता त्याच स्कॉटलंडात आरन नावाच्या बेटाजवळ लॅमलॅशचा उपसागर आहे. तेथला २.६७ चौरस किलोमीटरचा तुकडा २००८ पासून मासेमारीला पूर्ण बंद आहे. तो बंद करा म्हणून मागे लागले ते बेटावरचे रहिवासीच. सरकारला पटवण्यात त्यांची दहा वर्षांहून अधिक गेली. आपल्या लहानपणी या पाण्यात जी मासळी असे ती आता नाही, हे त्यांनी स्वतः पाहिले होते. आत शिंपवर्गातले जीव संख्येने वाढले आणि आकारानेही वाढले, हे पुढे विद्यापीठाच्या अभ्यासकांनी तपासून सांगितले. देश तोच, पाणी तेच, बंदीही तितकीच कडक. एका ठिकाणी ती वरून आली आणि सहा महिन्यांत परतली, दुसऱ्या ठिकाणी ती खालून गेली आणि टिकली.

आमचे म्हणणे एवढेच आहे, की पाण्याला काटेरी तार लावता येत नाही. रानात कुऱ्हाडीचा घाव ऐकू येतो, धूर दिसतो, वाट अडवता येते. पाण्याखाली नांगर कोठे पडला, जाळे कोठे टेकले, हे दोनच जण जाणतात : टाकणारा आणि त्याच्या शेजारच्या होडीतला. त्या शेजारच्या होडीतल्या माणसाने हटकले तरच पाणी बंद राहते. तो हटकील केव्हा, तर बंद पाणी आपले आहे असे त्याला वाटेल तेव्हा. मालवणात हा माणूस होता. रात्रीअपरात्री समुद्रात जाऊन, जीव धोक्यात घालून, घुसखोर ट्रॉलर आणि पर्ससीनवाले अडविणारे मच्छीमार त्या किनाऱ्याने अनेकदा पाहिले आहेत. त्यात मारामाऱ्याही झाल्या. समुद्राचा इतका तयार पहारेकरी हाताशी असताना अभयारण्याने त्याला आपला प्रतिपक्ष करून ठेवले. १९८१ चा कायदा नीट चालवून किनाऱ्याचे पाणी त्याला मोकळे करून दिले असते आणि मग, तुझ्या पाण्यातला हा खडप तेवढा राखू, असे म्हटले असते, तर काय झाले असते हे सांगता येत नाही. पण विचारून पाहण्यासारखे होते खास.

पुढे शासनालाही हे काही प्रमाणात उमगले. २०१२ मध्ये राज्याचा कांदळवन कक्ष स्थापन झाला आणि त्याच सुमारास संयुक्त राष्ट्रांच्या साहाय्याने सिंधुदुर्गच्या किनाऱ्यासाठी एक प्रकल्प सुरू झाला. त्याची रीत वेगळी होती. ट्रॉलरच्या जाळ्याचा शेवटचा पिशवीसारखा भाग चौकोनी आसाचा करावा, म्हणजे ओढ लागली तरी भोके मिटत नाहीत आणि पिल्ले निसटून जातात, हे मच्छीमारांबरोबर समुद्रात जाऊन दाखविण्यात आले. आस म्हणजे जाळ्याचे भोक. बचत गटांना खेकडे आणि कालवे पाळण्याची विद्या दिली, गावच्या तरुणांना पाण्याखालची सृष्टी दाखविण्याचे शिक्षण दिले. हे सारे फार मोठे नाही, आणि प्रकल्पाचा पैसा संपला की अशा गोष्टी मंदावतात हा अनुभव आहे. पण १८९७ च्या त्या लहान कायद्याचे शहाणपण त्यात पुन्हा दिसते : रीत सुधारा, माणूस राहू द्या. १९८७ ची रेघ मात्र तशीच आहे. ना ती पूर्ण पाळली जाते, ना पुसली जाते.

दरम्यान जगाने डिसेंबर २०२२ मध्ये माँट्रियलच्या परिषदेत २०३० सालापर्यंत समुद्राचा तीस टक्के भाग संरक्षणाखाली आणण्याचे ठरविले आहे. आकडा ऐकला की आम्हांला माळढोकाचे अभयारण्य आठवते. महाराष्ट्राच्या नजरेसमोर त्यासाठी एक मोठे स्थळ आहे. विजयदुर्गापासून शंभर किलोमीटरच्या आसपास बाहेर, भर समुद्रात, तळाशी एक विस्तीर्ण पठार आहे. त्याचा माथा पाण्याखाली वीस मीटरच्या जवळपास येतो, आणि त्यावर प्रवाळांची मोठी वसाहत आहे. त्याचे नाव अँग्रिया बँक, म्हणजे आपल्या कान्होजी आंग्र्यांचे. बारा सागरी मैलांची हद्द तेथून कितीतरी अलीकडे संपते. त्यामुळे राज्याचा अभयारण्याचा कायदा तेथवर पोचत नाही. २०२० मध्ये राज्याच्या वन्यजीव मंडळाने केंद्राच्या सागरी क्षेत्रांच्या १९७६ च्या कायद्याखाली त्याला विशेष क्षेत्र करण्याच्या प्रस्तावास मान्यता दिली. तेथे वाडी नाही, रापण नाही, किल्ला नाही. विचारायचे कोणाला, हा प्रश्न तेथे निराळ्या तऱ्हेने येईल, कारण तेथवर पोचतात ते मोठ्या यांत्रिक नौकांचे मालक. ती बोलणी मालवणच्या रापणकराशी करावयाच्या बोलण्यांहून सोपी नसतील.

मालवणकडे पुन्हा वळून एक गोष्ट सांगतो. कोळी-गाबितांचा समुद्र पूर्वीही वर्षातून काही काळ बंद असे. मृग लागला की होड्या वर ओढायच्या आणि नारळी पौर्णिमेला नारळ वाहिल्यावर पुन्हा पाण्यात घालायच्या. लहान होडीला पावसाळ्यातला समुद्र झेपत नाही, हे त्याचे एक कारण. त्याच महिन्यांत पुष्कळ मासळी अंडी घालते, हे दुसरे. सरकारने जेव्हा पावसाळी बंदी लिहून काढली तेव्हा तिची अखेर बरीच वर्षे १५ ऑगस्ट किंवा नारळी पौर्णिमा यांपैकी जे आधी येईल ते, अशी धरली होती. आता ती १ जून ते ३१ जुलै असते. मोठी इंजिने आल्यापासून ही बंदी मोडणारेही निघाले आहेत. तरी सर्व किनाऱ्यावर सर्वांत अधिक पाळली जाणारी बंदी कोणती म्हणाल तर हीच.

किल्ल्याच्या होड्याही मे अखेरीस थांबतात आणि सप्टेंबरात सुरू होतात. ही बंदी मेरीटाइम बोर्डाची, प्रवाशांच्या जिवाच्या काळजीने घातलेली. तिच्यात प्रवाळाचे नावही नाही. त्या तीन महिन्यांत धक्का रिकामा असतो, लाटा तटावर आदळत असतात, पद्मगडाकडे कोणी फिरकत नाही, आणि ३.१८ चौरस किलोमीटरच्या त्या पाण्यात एकही नांगर पडत नाही.